रेशमावरचा ठसा

सकाळी उठल्यावर पाहते तर ह्यांचं तोंड वाकडं आणि शब्दांऐवजी नुसती घरघर. डॉक्टरला बोलवायला निघाले, तर माझं मनगटच धरलं. दुपारच्या काबुकी नाटकात ह्यांचं काम मुकं होतं. वाकड्या तोंडावर तांबड्या-काळ्या रेघांनी सरळ तोंड रंगवून तेवढं निभावलं. संध्याकाळी मात्र रंगमंचावर स्वतःचं नाव मुलाला द्यायचं होतं. ते बापानेच उच्चारायचं असतं. दुपारच्या प्रयोगानंतर रिवाजाप्रमाणे मी रंगलेल्या चेहऱ्यावर रेशमी कापड दाबून ठसा घेत होते. कापडाखाली हे त्याच नावाशी झगडत होते. रेशीम एकाच बाजूला हलत होतं. रंगपटाच्या पडद्याबाहेरून सेइनोसुके ओरडला, “आई, बाबांना म्हणावं, माझं नवं नाव विसरू नका! त्यांचंच तर आहे!” ह्यांनी माझे हात चेहऱ्यावरच दाबून धरले. “आत येऊ नकोस!” मी ओरडले. हात सोडवून मी कापड फटीतून बाहेर दिलं. “वा!” तो हसला. “हुबेहूब बाबा!”