वालूर ते सेलू, सव्वीस मिनिटं

"अप्पा, अजून एकदा विचार करा," धम्मपाल म्हणाला. हातातला पाना त्यानं मोटारसायकलच्या सीटवर ठेवला. "क्विकशिफ्टर म्हंजे पोरांचं खूळ हाय. तुमच्या वयाचं गिऱ्हाईक अजून कधी आलं न्हाई माझ्याकडं."

"बसव तू," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"रेसला चाललाव का?"

"वालूरहून सेलूला येतो. रोज."

धम्मपालनं खोक्यातून बोटाएवढी वस्तू काढून दाखवली. "हा सेन्सर गिअरच्या दांडीला बसतो. पायानं गिअर वर उचलला, की इंजिन डोळ्याचं पातं लवंपर्यंत दम सोडतं. तेवढ्यात गिअर पडला. क्लच दाबायचा न्हाई, अ‍ॅक्सिलेटर सोडायचा न्हाई. खाली उतरताना मात्र क्लच लागतोय."

"एका गिअरला किती वाचतंय?"

"अर्धा सेकंद धरा."

"वाटेत चव्वेचाळीस वेळा गिअर वर टाकावा लागतो. मोजलंय मी."

"मग झाले बावीस सेकंद." धम्मपाल हसायला गेला आणि थांबला. त्यानं पाना उचलला.

सात महिन्यांपूर्वी याच गाडीवरून गुरुसिद्धप्पानं बसम्माला सेलूच्या दवाखान्यात आणलं होतं. गाडी मुलाची. पुण्याला जाताना तो ती घरी ठेवून गेला होता. सरकारी रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. गुरुसिद्धप्पानं बसम्माला मागं बसवलं, उपरण्यानं आपल्या पाठीला बांधलं आणि निघाला. सव्वीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी तिच्या मनगटावरचा हात काढला आणि म्हणाले, "दहा मिनिटं आधी आणलं असतं तर..."

तेव्हापासून तो त्या दहा मिनिटांच्या मागं होता. सोळा मिनिटांत सेलू होतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. होत असेल, तर बसम्मा त्याच्यामुळं गेली. होत नसेल, तर नाही.

सकाळचा क्रम ठरलेला. सात वाजता तो पूजेला बसायचा. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचा, नजर लावायचा, मग डोळे मिटायचा. पूजेत हाक मारायची नाही, हा त्या घराचा नियम. बसम्मानं तो चौतीस वर्षं पाळला. चहा झाला की कपावर बशी ठेवून ती स्वयंपाकघरात बसून राहायची. आता घरात हाक मारणारंच कुणी नव्हतं. शेजारच्या कमलबाई दुधाचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून न बोलता जायच्या.

पूजा झाली की कपाळावरची विभूती तशीच ठेवून तो गाडी काढायचा. सेल्फ मारला की घड्याळ चालू. दवाखान्याच्या फाटकाशी बंद. किती वेळ लागला ते कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायचा.

नवे टायर घातले तेव्हा पंचवीस झाली होती. बाजारातनं न येता कापसाच्या जिनिंग मिलच्या मागून वळला तेव्हा साडेचोवीस. क्विकशिफ्टर बसवल्यावर चोवीस मिनिटं आणि दहा सेकंद.

"भाकरी कधी केलती?" एक दिवस धम्मपालनं विचारलं.

"काल."

"काल की परवा?"

धम्मपालनं स्वतःचा डबा उघडून त्याच्यापुढं सरकवला. "अप्पा, तुमचं हे काय बरं लक्षण न्हाई. एखांद दिवशी ट्रकखाली जासाल. उद्या मी येतो वालूरला. मी चालवतो, तुमी मागं बसा. माझ्याच्यानं सोळा झाली न्हाईत, तर कुणाच्यानं व्हायची न्हाईत. मग हा नाद सोडायचा. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी धम्मपाल लवकर आला. ओट्यावर चढून हाक मारणार, तोच कमलबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "पूजेत हायती. बस जरा." तो बसला. आतून आवाज नव्हता. बऱ्याच वेळानं गुरुसिद्धप्पा बाहेर आला.

"घड्याळ कुठनं लावताव?" धम्मपालनं विचारलं.

"सेल्फ मारला की."

"बरोबर हाय."

गुरुसिद्धप्पा मागं बसला. बसम्माच्या जागेवर तो पहिल्यांदाच बसत होता. धम्मपालनं गाडी सोडली. गिअर पट्‌पट् पडत गेले, क्लचला हातही लागला नाही. कापसाचा एक टेम्पो अंगाला घासून गेल्यासारखा गेला. गुरुसिद्धप्पानं डोळे मिटून घेतले.

फाटकाशी घड्याळ थांबलं. एकवीस मिनिटं, चाळीस सेकंद.

धम्मपाल खाली उतरला. तो दवाखान्याच्या कट्ट्यावर टेकला.

"ह्याच्या म्होरं गाडी न्हाई, रस्ता न्हाई अन् मीबी न्हाई. सोळा मिनिटांत कुणाचा बाप यायचा न्हाई. अप्पा, ती दहा मिनिटं रस्त्यात नव्हतीच. काकू गेल्या त्यात तुमचा कसूर न्हाई. ऐकायलाव ना?"

"ऐकतोय."

"मग आता घरी जाऊन नीट जेवा."

"ते क्विकशिफ्टर काढून ठेव," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "कुण्या पोराला दे."

धम्मपालला बरं वाटलं. म्हातारा सुटला, असं त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता गुरुसिद्धप्पा पूजेला बसला. डाव्या तळहातावर लिंग घेतलं. नजर लावली, डोळे मिटले. स्वयंपाकघरात काही वाजलं नाही. त्या दिवशी वाजलं होतं. आधी कप पडला होता. मग बसम्मानं चौतीस वर्षांत पहिल्यांदा पूजेत हाक मारली होती, "अवं," आणि जरा वेळानं आणखी एकदा. त्यानं डोळे उघडले नव्हते. पूजा संपायला अजून दहा मिनिटं होती.