ज्याचा फोटो, त्याची सही

सोनलला वीस गुण मिळणार होते. वाशीच्या प्रदर्शनात दारासमोरची भिंत मिळणार होती. आणि बारावीला फोटोग्राफी घेतली म्हणून तिला ‘आता लग्नाच्या ऑर्डरी घे’ असं हिणवणाऱ्या प्रीतमकाकांचं तोंड बंद होणार होतं. बदल्यात आईने फोटोसाठी अर्धा तास चिखलात उभं राहायचं, एवढंच. ती तशीही चिंबोऱ्या धरायला रोज चार तास उभी राहायची. एवढा स्वस्तातला सौदा खाडीकाठच्या करावे गावात कुणाला मिळाला नव्हता, आणि त्या गावाने सौदे काही कमी पाहिले नव्हते.

ओहोटीला सोनलची आई, मालतीबाई, खाडीवर आल्या आणि सौदा बोंबलला. मोरपंखी शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला. गळ्यात मोहनमाळ आणि गंठण, हातात पाटल्या, अंबाड्यावर अबोलीची वेणी. काखेतली चिंबोऱ्यांची टोपली तेवढी रोजची होती.

बांधावर जयमाला मॅडम उभ्या होत्या. खारघरच्या कॉलेजात त्या फोटोग्राफी शिकवत. ‘अस्सल’ हा त्यांचा लाडका शब्द, आणि ते बघायला त्या एसी गाडी करून आल्या होत्या.

“सोनल, हे काय? हळदीला निघाल्यात का या?” मॅडम हळू बोलल्या, पण खाडीवर हळू बोललेलंही लांब जातं. “रोजचे कपडे सांगितले होते ना? मला अस्सल हवंय.”

“आई, तुला रोजच्यासारखी ये म्हटलेलं,” सोनल कुरकुरली.

“चिखलान मी रोज जातंय,” मालतीबाई खालून म्हणाल्या. “फोटोला रोज बसतंय का गो?”

मॅडमच्या हातात गुण होते. त्या बांधाच्या टोकापर्यंत आल्या आणि त्यांनी हात लांब करून मालतीबाईंच्या गळ्याकडे बोट दाखवलं. “ताई, ते सगळं आधी काढा बघू. पोरीच्या वीस मार्कांचा प्रश्न आहे.”

मालतीबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. मासळीबाजारात गिऱ्हाईक त्यांच्याशी भाव करायच्या आधी दोनदा विचार करायचं. पण वीस मार्क म्हटल्यावर त्या वाकल्या. टोपली चिखलात टेकली. हात मागे मानेवर गेला आणि मोहनमाळेचा हूक चाचपू लागला.

आईला असं मुकाट्याने ऐकताना सोनलने कधी पाहिलं नव्हतं. तिने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

“राहू दे, आई. झाला फोटो.”

चार दिवसांनी तिने तो एकच फोटो मॅडमच्या टेबलावर ठेवला. वर बांधावर मॅडम, वाऱ्याने केस विस्कटलेले, गॉगल नाकावर घसरलेला, तोंड अर्धं उघडं, बोट ताठ. खाली गुडघाभर चिखलात शालू नेसलेली आई, हात मानेमागे. सोबत संमतीचे दोन कागद जोडलेले. फोटोत ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याची सही हवीच, नाहीतर गुण शून्य, हे मॅडमनीच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं होतं. एका कागदावर मालतीबाईंची सही होती, एकेक अक्षर सुटं सुटं. दुसरा कोरा होता.

“मला कशाला ठेवलंस? कापून टाक,” मॅडम म्हणाल्या. “नुसती आई ठेव. तशी चालेल मला, दागिन्यांसकट. वीसपैकी वीस देते.”

“तुम्हाला कापलं तर आईचा हात मानेकडे का गेला ते कळणार नाही.”

मॅडमनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. “अगं, पण माझा अवतार बघ. असं चारचौघांना दाखवायचं? फोटो म्हटल्यावर माणसाने जरा नीटनेटकं दिसायला नको?”

“हेच आई म्हणत होती, मॅडम,” सोनल म्हणाली, आणि तिने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं.

मॅडमनी पेन घेतलं नाही. सोनलने फोटो कापला नाही.

वाशीच्या भिंतीवर वर्गातल्या यशराजचे फ्लेमिंगो लागले. पक्ष्यांची सही लागत नाही. सोनलचा फोटो घरी फ्रिजच्या वर लागला, आणि प्रीतमकाका आल्यागेल्याला हात धरून तिथे नेऊ लागले. “आमच्या पोरीनं काढलाय,” ते सांगत. किती मार्क मिळाले, हे ते सांगत नसत.

वीसच्या वीस गेले. भरले सोनलने, एकटीने. मालतीबाईंच्या गळ्यातला एक मणीही उतरला नाही.