साठावा भाग

"चेहरा एकच, कोट एकच. मग यानातून नायक उतरला की ‘दुसरा’, हे ओळखायचं कसं?" बारा वर्षांच्या नेरिसने विचारलं.

वेल्समधल्या स्वान्सीच्या वाचनालयात, माडीवर, एका जुन्या टीव्ही मालिकेचे चाहते दर शनिवारी दुपारी जमत. नायक काळात फिरणारा. ‘दुसरा’ म्हणजे त्याचंच पुढे बिघडलेलं रूप. तो का बिघडला, यावर चहा गार होईपर्यंत तर्क लढवले जात. नियम एकच: पुरावा म्हणून भागाचा क्रमांक द्यायचा. निवृत्त पोस्टमन एमलिनला सगळे भाग तोंडपाठ. चुकीचा क्रमांक देणाऱ्याची तो बिनपाण्याने करी.

"‘दुसरा’ आला की आधी गोड बोलतो," नेरिस कागदावरून वाचत होती. "मग दाराला आतून कडी लावतो. मग टीव्हीचा आवाज वाढवतो."

"यानात टीव्ही?" ग्रंथपाल मेगनबाई हसल्या. "कुठला गं हा भाग?"

"साठावा."

साठाव्या भागात तर नुसता बर्फ होता. एमलिन तिला झापणारच होता, पण विचारलं भलतंच. "मग काय करायचं असतं?"

"पलंगाखाली लपायचं नाही," नेरिसने बाही मनगटाखाली ओढली. "तिथे तो आधी बघतो."

मेगनबाई उठल्या आणि खाली फोनकडे गेल्या.

जिन्यात त्यांना वाट देऊन नेरिसचे वडील वर आले. हसतमुख, उंचेपुरे. "काय मंडळी, फार पिडलं नाही ना आमच्या पोरीनं? बघू राणी, काय लिहिलंस."

नेरिसने कागद दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. हसू तसंच होतं.

"हे कुठल्या भागात आहे गं?"

नेरिसने पुन्हा बाही खाली ओढली. एमलिन मुळात भित्रा. कुत्र्यांना घाबरत त्याने सारी नोकरी काढली होती. तरी तो उठला आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"साठाव्या," तो म्हणाला. "मी पाहिलाय. बसा, तिचं अजून वाचून व्हायचंय."

वडिलांनी खोलीभर नजर फिरवली. कुणी हललं नाही.

"मीही पाहिलाय," मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"मीही," खिडकीजवळची म्हातारी म्हणाली.