मागच्या दारचा न्हावी

"बाई, नवऱ्याच्या दहाव्याला हा न्हावी कुणासाठी आलाय? सासऱ्यांची हजामत करायला?" शाल्मलीने संहितेतून मान वर करून विचारलं.

शंभर वर्षांपूर्वीचं ते संगीत नाटक कुमुदबाई नव्याने बसवत होत्या. नायिकेचं काम करणाऱ्या या विशीतल्या मुलीला सोवळं, आलवण, सगळंच समजावून सांगावं लागे आणि बाई त्याला कंटाळल्या होत्या.

"हिच्यासाठी आलाय तो. तेव्हा नवरा गेला की बायकोचे केस उतरवत. न्हावी मागच्या दारी बसलाय आणि ही शेवटची वेणी घालताना गातेय. शेवटची तान अशी घे, की वन्स मोअर आलाच पाहिजे! या पदाला तो आला नाही, असा प्रयोग झालेला नाही."

शाल्मलीने नकळत आपली वेणी पुढे ओढून घट्ट धरली.

पहिल्याच प्रयोगात पद संपलं आणि नाट्यगृहातून "वन्स मोअर" असा एकच गजर उठला. विंगेतून बाईंनी खूण केली, ऑर्गनवर सूर लागला. शाल्मलीने मात्र डोक्यावरून पदर घेतला आणि ती मान खाली घालून मागच्या दाराने निघून गेली. ओरडणारी माणसं हळूहळू गप्प झाली.

विंगेत बाई तिच्यावर भडकल्याच. "मायबाप प्रेक्षक मागत होते गं! गायली का नाहीस?"

"न्हावी दारात बसला होता, बाई. तिला कोण पुन्हा गाऊ देणार होतं?"