नापास पंप

"नापास," म्हणत साहेबांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

"आता काय झालं?"

"जिना चढताना मोटर गचका देते. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत म्हातारा मेला."

म्हातारा कॉम्प्युटरमधला होता. थकलेल्या हृदयाला हातभार लावणारा इवलासा पंप ती तयार करत होती. त्याची मोटर कधी किती वेगानं फिरवायची, हे ठरवणारा प्रोग्राम तिचा. पण साहेबांचा नियम कडक: आधी मॉडेल, मग मोटर. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एक अख्खा पेशंट उभा केला होता. साठीचा, हट्टी, लिफ्ट सोडून जिन्यानं जाणारा.

"असला खवट पेशंट कुठे असतो हो, साहेब?"

"असतात. उद्या त्याला शिंकायला लाव, भांडायला लाव. मग ये."

ती पाय आपटत खाली आली. पूर्वी साहेब स्वतः प्रयोगशाळेत यायचे. हल्ली ऊठसूट तिलाच वर बोलवायचे. खुर्चीचा माज, दुसरं काय! निवृत्ती तोंडावर आली, नावाला डाग नको, म्हणून माझं घोडं अडवतायत, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. तिकडे कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय आणि इकडे म्हणे शिंका मोजा!

पण हरेल ती कसली? पुन्हा मांडलं, पुन्हा मोडलं. शेवटी एकदाचा म्हातारा तीन मजले चढला, वर जाऊन कडाकडा भांडला, शिंकलाही. मोटर जराही अडखळली नाही. मग खरी मोटर पाण्याच्या टाकीत फिरवली, तर तिनंही मॉडेलचीच री ओढली. पुढच्या सगळ्या चाचण्या पंपानं झोकात पार केल्या.

परवानगी आली तेव्हा साहेबांच्या खोलीत सगळे चहाला जमले.

"पोरीनं नाव काढलं!" साहेबांनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली. तिचा ऊर भरून आला. इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठे पळाला.

शेजारी हृदयाच्या सर्जन बाई उभ्या होत्या. तिनं भीतभीत विचारलं, "डॉक्टर, नव्या पंपाला पहिला पेशंट मिळेल ना?"

"मिळेल काय! तो तर वर्षभर अडून बसलाय. बसवीन तर हिचाच पंप, म्हणतो. समजावून समजावून थकले मी."

ती लाजून हसली. साहेबांनी चहाचा दुसरा कप उचलला.

डॉक्टरांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "बास झाला आता चहा. गाडी खाली उभी आहे, चला. उद्या सकाळी ऑपरेशन आहे तुमचं."