मेलेल्या डायनासोरचा श्वास

एकेक फोटो जोडून बनणाऱ्या त्या बाहुल्यांच्या सिनेमाच्या शेवटच्या शॉटमध्ये डायनासोर मरून पडलेला हवा होता. बाबांनी घडवलेल्या त्या मातीच्या बाहुल्याला हात न लावता मुलीने शंभर फोटो काढले. सलग चालवले, तर त्याचं पोट वरखाली होत होतं.

"अगं, मेलाय ना तो? घडवणाऱ्यासारखाच हट्टी!" निर्माता म्हणाला. "पुन्हा घे."

प्रत्येक फोटोआधी पोट अंगठ्याने दाबून बाबाच त्याला श्वास द्यायचे. त्यांना जाऊन महिना झाला होता.

तिने पुन्हा शंभर काढले. आता श्वास ओळखीचा होता. दोन आखूड, एक लांब. ती औषध आणायला खाली गेली, तेव्हा इस्पितळात बाबांचा असाच चालला होता; परत आली, तेव्हा थांबला होता.

शेवटच्या फोटोत श्वास आत गेला होता, बाहेर आला नव्हता.

"बाबा, या वेळी मी इथेच आहे," ती म्हणाली. पुढच्या फोटोसाठी कॅमेऱ्याच्या बटणावर ठेवलेलं बोट तिला दाबवेना, उचलवेना.