हक्कसोड

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एम.ए.साठी मला परदेशातल्या दोन विद्यापीठांनी बोलावलं. पहिल्याचं नाव जगभर, पण शिष्यवृत्ती एका पैशाचीही नाही. दुसऱ्याचं नाव आमच्या गिरीजमध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं, पण ते अर्धी फी माफ करत होतं. पहिल्यासाठी केळीची वाडी विकावी लागली असती, म्हणून मी मुकाट्यानं दुसऱ्याला होकार कळवला.

उरलेली अर्धी फी भरायला यतीनदादा तयार झाला. फक्त म्हणाला, "कृतिका, एक सही लागेल. वाडीतला तुझा वाटा तू शिक्षणात घेतलास, असं समजू. उद्या कटकट नको."

पप्पांनी पेपरातून मान वर केली नाही. आई म्हणाली, "सख्खा भाऊ आहे, कुठे पळून जातोय? करून टाक."

रजिस्ट्रारच्या ऑफिसात मी हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा उमटवला, फोटो काढून घेतला. येताना दादानं सगळ्यांना उसाचा रस पाजला.

व्हिसाच्या मुलाखतीत काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, "इथं तुमच्या नावावर घर, जमीन, काही आहे?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कसं सांगणार?

नकाराच्या कागदावर कारण छापलेलं होतं:

'ज्यासाठी परत यावं, असं अर्जदाराचं मायदेशात काहीही नाही.'